त्रेचाळीस दुरुस्त्या

रबाळे एमआयडीसी, कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल.
रेकॉर्डर चटणीच्या बरणीला टेकवून ठेवला.
यादी एचआरने दिली होती,
नीट बोलणारी सहा माणसं.
सातवे त्या यादीत नव्हते.
हात पुसत आले आणि बसलेच समोर.
"मना पन इचार काय तं. सुट्टी हाय अजून."

हसुराम मढवी, पंप-सील विभाग, एकतीस वर्षं.
(नाव बदललेलं आहे.
बदललेलं नावसुद्धा मी नंतर दोनदा बदललं,
एकही त्यांच्या अंगाला बसेना.)
संमतिपत्रावर सही करता करता थांबले:
"नाव नाय छापनार? मंग कलनार कसा,
मीच बोललू ते?"

पहिला प्रश्न: संस्थेत कधी रुजू झालात?
ते खिडकीतून बॉयलरकडे बघत राहिले.
"त्याच्या खाली आमचा खाजन.
बाबा जिताडा धरायचा थय.
मी नंतर आलू. कंपनी पयली आली."
मी लिहिलं: सन ब्याण्णव, हेल्पर.

चौथा प्रश्न माझ्या सरांच्या आवडीचा.
विलीनीकरणाच्या काळात व्यवस्थापनाने
तुमच्याशी संवाद कसा साधला?

रात्री नौपाड्यात, घरी, हेडफोन लावून
मी ती शांतता मोजली. अकरा सेकंद.
तिच्यात कॉम्प्रेसर आहे,
कुणीतरी ताट आपटून खरकटं झाडतंय,
चौथ्या सेकंदाला त्यांनी आत ओढलेला श्वास,
आणि नवव्याला, देवा,
खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. ती माझी.
अकराव्याला मी म्हणते,
"म्हणजे नोटीस बोर्डवर वगैरे?"
ते म्हणतात, "हां. नोटीस बोर्डवर."

माझंच उत्तर
मी त्यांच्या तोंडी टाइप केलं,
पिवळ्या रंगात रंगवलं,
वर मथळा दिला: औपचारिक संवाद.

सर म्हणाले, बारा मुलाखती झाल्या ना?
आता नवं काही निघत नाही. थांब.
ऐरोलीच्या पुलावरून परतताना
खाडीला ओहोटी होती.
तळ दिसत होता खरा,
चिखलात पाय रोवून दोन बगळे त्यावर उभे.

पद्धत म्हणून मजकूर पाठवला त्यांना,
एकोणीस पानं, वाचून दुरुस्त करायला.
तीन आठवडे काहीच नाही.
मग वॉचमनच्या केबिनमध्ये पाकीट,
त्यावर ग्रीसचा अंगठा.

मला भीती होती ती एकाच वाक्याची.
साहेबांविषयीचं, पान चौदा. खोडतील.
खोडलं नव्हतं.

लाल बॉलपेन, मास्तरांसारखं ठाम अक्षर.
सरांना वाचता यावं म्हणून
मी जिथे जिथे 'मला' केलं होतं,
तिथे तिथे 'मना'.
'होता'चं 'व्हता', 'नाही'चं 'नाय'.
पान दोनवर मी घाईत 'मासे' लिहून गेले होते,
त्यावर दोन रेघा, आणि बाजूला 'जिताडा'.
चौकोनी कंसातली माझी 'शांतता'
कंसासकट खोडलेली.
तिथे लिहिलं होतं: 'इचार'.

बसून मोजल्या. त्रेचाळीस दुरुस्त्या.
शेवटच्या पानावर सही, खरी, पूर्ण नावाची,
आडनावाखाली गावाचं नावही.

एक 'मला' मात्र सुटला होता. पान चौदा.
वाटलं, नजरचूक. दुपारभर काम करून
माणूस दमला असेल.
माझं पेन मी उघडलंसुद्धा.
मग वाक्य सुरुवातीपासून वाचलं.
तिथे ते बोलतच नव्हते,
प्लांट हेड बोलत होते, त्यांच्या तोंडून:
"मला सगळं माहीत आहे, मढवी.
तुम्ही सांगायची गरज नाही."